एक झाला, आता दुसरा कुठे होईल?

अंडाशयाच्या कॅन्सरचे उपचार संपलेल्या बायका माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात आणि फिरून फिरून हेच विचारतात.

त्यातल्या एक शिक्षिका. सीए-१२५ या रक्ततपासणीचा प्रत्येक आकडा लाल पेनाने वहीत उतरवलेला, सगळे नॉर्मल. तरी आंघोळीला गेल्या की स्तन चाचपत बसायच्या, सासूबाई दार वाजवेपर्यंत.

"या आकड्यावरून स्तनाचं काही कळतं का?" मी विचारलं.

"नाही कळत?"

"नाही. तो तुमच्या अंडाशयाच्या आजारावर लक्ष ठेवायला."

घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा आपला विचार जास्त छळतो, हे मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांचं म्हणणं मला रोज पटतं. म्हणून खोदत राहिले. शेवटी त्या म्हणाल्या, "मॅडम, दुसरा होणार नाही असं कुणीतरी लिहून द्या."

"मला कुणी दिलंय लिहून?"

आधी चिडल्या, मग हसू आलं. "म्हणजे मिळणारच नाही ते मागतेय मी." हे मी सांगितलं असतं तर पटलं नसतं. गप्प बसायचीच फी घेते मी, असं घरचे चिडवतात. त्या दिवशी ती वसूल झाली.

हमी मिळत नाही, माहिती मिळते. जुना आजार उलटणं वेगळं आणि नव्या जागी स्वतंत्र कॅन्सर होणं वेगळं. बहुतेकींना दुसरा होत नाही. बीआरसीए-१ किंवा २ या जनुकात दोष असेल तर स्तनाचा धोका वाढतो. लिंच सिंड्रोम हा दुसरा आनुवंशिक दोष असेल तर मोठ्या आतड्याचा. केमोनंतर क्वचित रक्ताचाही होतो. म्हणून डॉक्टरांना विचारा: माझी जनुकीय तपासणी झाली आहे का? रक्तावर किंवा लाळेवर होते. दोष निघाला तर मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे), एमआरआय किंवा कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) कधी करायची, हे ते मूळ आजाराची स्थिती बघून ठरवतात. दिवसातून दहादा चाचपण्याने ते काम होत नाही.

बाई तपासणी टाळत होत्या, कारण लेकीचं स्थळ बघणं चालू होतं. शेवटी केली. बीआरसीए-१ मध्ये दोष निघाला. रडल्या, आणि पुढच्या वेळी वहीत प्रश्न लिहून आल्या. पहिलाच होता, "लेकीला कधी सांगू?"

"आणि मुलाला?" मी म्हटलं.

"त्याला कशाला? तो मुलगा आहे."

दोष मुलाकडेही तितक्याच शक्यतेने जातो, पन्नास टक्के. त्याच्याकडून पुढे त्याच्या मुलीकडेही. त्यांनी लाल पेन काढलं आणि प्रश्नात "दोघांना" असं केलं.