अर्ज नाकारला, पण कोणी?

विम्याची एजन्सी किंवा ब्रोकरची नोंदणी नाकारली गेल्याबद्दल, किंवा नाकारली जाईल या धास्तीने आलेल्या पत्रांपैकी पाच या अंकात घेतली आहेत. नावं वगळली आहेत.

प्रश्न (सातारा): गेल्या वर्षी मार्चमध्ये विमा एजंटसाठीची आयसी-३८ परीक्षा पास झाले. घरच्या अडचणींमुळे एजन्सीचा अर्ज थेट या जुलैत भरला. शाखेत सांगतात, "इर्डाने नाकारला." इर्डाकडे दाद कशी मागायची?

उत्तर: इर्डाने, म्हणजे विमा व्यवसायाचं नियमन करणाऱ्या प्राधिकरणाने, तुमचा अर्ज पाहिलेलासुद्धा नाही. २०१५च्या कायदा दुरुस्तीनंतर एजंटची नेमणूक विमा कंपनीच करते. १ एप्रिल २०१६पासून लागू झालेल्या विनियमांनुसार अर्ज नाकारणं हेही कंपनीच्या नियुक्त अधिकाऱ्याचं काम. शाखांमध्ये अजून 'इर्डाचं लायसन्स' हाच शब्द चालतो, त्यामुळे लोक नको त्या दारात जाऊन उभे राहतात.

नकाराचं कारण तुमच्या पत्रातच आहे. परीक्षेचं प्रमाणपत्र पहिल्या नेमणुकीसाठी बारा महिनेच चालतं. तुम्हाला सोळा महिने झाले. इथे दाद मागून काही हाती लागणार नाही, परीक्षा पुन्हा द्या. ती मराठीतूनही देता येते.

मात्र तोंडी नकार घेऊन परत येऊ नका. अर्ज मिळाल्यापासून २१ दिवसांत कारणासह लेखी कळवणं कंपनीवर बंधनकारक आहे. कारण पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे फेरविचाराचा अर्ज करायचा. त्याने १५ दिवसांत अंतिम निर्णय लेखी द्यायचा असतो.

पुन्हा अर्ज भरताना एक गोष्ट पाहून घ्या. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, पॅनवर सासरचं आणि परीक्षेच्या नोंदणीत तिसरंच काही, अशा अर्जावर हमखास शंका निघते. परीक्षेची नोंदणी पॅनवरच्या नावाने, अक्षर न अक्षर तशीच करा आणि दहावीच्या कागदासोबत विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र जोडा.

प्रश्न (लातूर): २०१९मध्ये एका आयुर्विमा कंपनीची एजन्सी घेतली होती, पण काम केलं नाही. आता दुसऱ्या आयुर्विमा कंपनीने "तुम्ही आधीच एजंट आहात" म्हणून अर्ज परत केला.

उत्तर: बरोबर केला. एका माणसाला एक आयुर्विमा, एक सर्वसाधारण विमा आणि एक आरोग्य विमा कंपनी घेता येते, शिवाय एकाच प्रकारचा विमा करणाऱ्या इतर कंपन्यांपैकी प्रत्येक प्रकारची एक. दोन आयुर्विमा कंपन्या मात्र चालत नाहीत. काम केलं नाही म्हणजे एजन्सी संपली असं नसतं. नवी कंपनी सामायिक पोर्टलवर तुमचा पॅन टाकते, तेव्हा जुनी नोंद समोर येते. काळ्या यादीतली नावंही तिथेच दिसतात.

जुन्या कंपनीला राजीनाम्याचं पत्र द्या, सोबत नेमणूक पत्र आणि ओळखपत्र परत करा. पत्राच्या प्रतीवर पोच घ्या, कारण १५ दिवस तिथून मोजायचे. तेवढ्या मुदतीत कंपनीने नमुना १-सी मध्ये एजन्सी संपल्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. ते जोडून नव्या कंपनीकडे अर्ज करा आणि जुन्या एजन्सीचा रकाना कोरा ठेवू नका.

प्रश्न (कोल्हापूर): माझ्यावर चेक न वटल्याची केस चालू आहे. भावाला नऊ वर्षांपूर्वी फसवणुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली, ती भोगून सहा वर्षं झाली. दोघांनाही एजन्सी हवी आहे.

उत्तर: विमा कायद्यात एजंटसाठी अपात्र ठरवणारे गुन्हे मोजून दिले आहेत: पैशांचा अपहार, विश्वासघात, फसवणूक, बनावट दस्तऐवज आणि यांना मदत किंवा यांचा प्रयत्न. तेही न्यायालयाने दोषी ठरवल्यावर. चेकची केस या यादीत नाही आणि तुमचा निकालही लागलेला नाही, त्यामुळे कायद्याने तुम्ही अपात्र नाही. कंपनीने विचारलं तर खरं सांगा. साध्या खटल्यापेक्षा लपवाछपवीच जास्त अंगाशी येते.

भावाचं प्रकरण निराळं. शिक्षा पूर्ण होऊन पाच वर्षं झाली की ही अपात्रता उठवता येते, पण ती आपोआप उठत नाही. तसं प्राधिकरणाने (इर्डाने) जाहीर करावं लागतं, आणि कायद्याची भाषा 'सामान्यतः जाहीर करील' अशी अनुकूल आहे. तेव्हा त्याचा पहिला अर्ज कंपनीकडे नको, हैदराबादला प्राधिकरणाकडे हवा. सोबत निकालाची प्रमाणित प्रत आणि शिक्षा पूर्ण झाल्याचा दाखला जोडा.

प्रश्न (नाशिक): आम्ही तिघे मित्र. आमची खासगी कंपनी जीएसटी आणि म्युच्युअल फंडाची कामं करते. त्याच कंपनीवर विमा ब्रोकरची नोंदणी घ्यायची आहे. नकार येऊ नये म्हणून काय पाहावं?

उत्तर: पहिली अडचण 'त्याच कंपनीवर' या शब्दांतच आहे. ब्रोकरच्या कंपनीचा मुख्य उद्देश विमा ब्रोकिंग हाच असावा लागतो आणि नावातही तसा शब्द लागतो. नवी कंपनी काढा. नावात 'इन्शुरन्स' घालायचं तर आधी प्राधिकरणाची ना-हरकत आणि मग कंपनी निबंधक, हा क्रम उलटा करू नका.

इथे मात्र नोंदणी प्राधिकरणच देतं आणि नाकारतंही तेच. २०१८च्या विनियमांप्रमाणे थेट ब्रोकरला (ग्राहकांचा विमा कंपन्यांकडे उतरवणाऱ्याला) भरणा झालेलं भांडवल ७५ लाख, बँकेत मुदत ठेव १० लाख आणि नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम) कधीही ५० लाखांच्या खाली नको. पुनर्विमा ब्रोकरला (विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्याला) ४ कोटी, दोन्ही कामं करणाऱ्या संमिश्र ब्रोकरला ५ कोटी भांडवल लागतं.

खरी गफलत नक्त मूल्यात होते. ७५ लाख भरले, कार्यालय घेतलं, माणसं नेमली आणि नोंदणीची वाट पाहत बसलात. दलाली शून्य, पण भाडं आणि पगार चालू. महिना ३ लाख खर्च धरला तर मधले २५ लाख साधारण सव्वाआठ महिन्यांत संपतात आणि अर्ज टेबलावर असतानाच तुम्ही अटीखाली येता. शक्य असेल तर ९०-९५ लाख घालून सुरुवात करा. उसने आणून चार दिवस खात्यात दाखवलेले पैसे चालत नाहीत. भांडवल कुठून आलं हे विचारलं जातं.

दुसरी गफलत प्रमुख अधिकाऱ्याची, म्हणजे ब्रोकिंगचं काम सांभाळायला नेमलेल्या माणसाची. त्याने ठरलेलं प्रशिक्षण आणि पुण्याच्या राष्ट्रीय विमा अकादमीची परीक्षा पूर्ण केलेली हवी. निवृत्त ओळखीचे साहेब नावाला घेतात आणि ते दुसरीकडे सल्लागार म्हणून बसलेले निघतात. हे टाळा. तिघांपैकी कोणाची विमा एजन्सी असेल तर अर्जाआधीच सोडा.

ब्रोकरसाठीची 'योग्य आणि पात्र' ही कसोटी वर दिलेल्या एजंटच्या गुन्ह्यांच्या यादीपेक्षा बरीच रुंद आहे. संचालकांचे आर्थिक व्यवहार आणि चालू कारवाया तर पाहतातच, तुमच्याशी संबंधित कोणाला पूर्वी नोंदणी नाकारली होती का, हेही विचारात घेतात. नाकारली असेल तर स्वतःहून लिहा. आणि प्राधिकरणाच्या शंकापत्राला मुदतीत उत्तर द्या. "कागद पाठवतोच आहोत" हे उत्तर नव्हे. चांगले अर्जही यामुळेच बुडतात, आणि थेट ब्रोकरच्या अर्जाचं २५ हजारांचं शुल्क परत मिळत नाही.

नकार देण्यापूर्वी प्राधिकरणाने तुमचं म्हणणं ऐकून घ्यायचं असतं. आदेश आलाच तर तो हातात पडल्यापासून ४५ दिवसांत प्रतिभूती अपील न्यायाधिकरणात अपील करता येतं. शेअर बाजाराच्या प्रकरणांसाठी प्रसिद्ध असलेलं हे न्यायाधिकरण मुंबईत आहे, तेवढी हैदराबादची खेप वाचते.

प्रश्न (बीड): मी तहसील कार्यालयात लिपिक आहे. एजन्सी पत्नीच्या नावावर घेतली तर नाकारतील का?

उत्तर: पत्नी दहावी आणि परीक्षा पास असेल, तर तिला नाकारायला कारण नाही. प्रश्न तुमच्या नोकरीचा आहे. राज्याच्या नागरी सेवा वर्तणूक नियमांत कुटुंबीयांच्या विमा एजन्सीसाठी स्वतः गिऱ्हाईक गोळा करणं हा नियमभंग धरतात, आणि अशी एजन्सी असल्याचं कार्यालयाला कळवावं लागतं. शिवाय नेमणूक नसताना एजंट म्हणून काम करणाऱ्याला १० हजारांपर्यंत दंड आहे, आणि अशा माणसामार्फत धंदा घेणाऱ्या कंपनीला १ कोटीपर्यंत. म्हणजे फॉर्म भरून घेणं, हप्ता आणणं, समजावून सांगणं हे सगळं पत्नीनेच करायचं. दाखल्यासाठी आलेल्या माणसापुढे पॉलिसीचं पत्रक सरकवलंत, तर तक्रार आधी तहसीलदारांकडे जाईल.