क तुकडीच्या बाईंना

ताई, मी कोल्हापुरातल्या एका हायस्कूलमध्ये नववी-दहावीला गणित शिकवते. क तुकडी माझ्याकडे आहे. नापास झालेली, मारामाऱ्या करणारी, घरी कुणी विचारत नाही अशी सगळी पोरं याच वर्गात येतात. सकाळी सहाला आणि रात्री नऊपर्यंत मी त्यांना घरी शिकवते. काहींची फी मी भरते. यंदा दहावीतला एक हुशार मुलगा दिवाळीनंतर शाळेत आलाच नाही. वडील मार्केट यार्डात हमाल होते, पाठीला मार लागून घरी बसलेत, म्हणून तो शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत, ओतकामाच्या फौंड्रीत जातो. मी घरी गेले तर म्हणाला, "बाई, माझ्या मागं लागू नका." स्टाफरूममध्ये ऐकवतात, "ही पोरं पास होऊन काय दिवे लावणार?" शाळेचा निकाल टिकावा म्हणून नववीतल्या कच्च्या मुलांची यादी मागितली आहे. त्यांना शाळेतून काढून १७ नंबरचा, म्हणजे बाहेरून दहावीला बसण्याचा फॉर्म भरायला लावायचा विचार आहे. मिस्टर वैतागलेत. माझी सातवीतली मुलगी म्हणाली, "तुला तीच पोरं हवीत." जूनपासून अ तुकडी मागून घेऊ का? मी चुकतेय का? नववीतल्या एका मुलीचं तर परीक्षेनंतर लग्न आहे म्हणे.
एक शिक्षिका, कोल्हापूर (पत्र थोडक्यात दिलं आहे)

बाई,

सुरुवात तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीपासून करते. तिथे तुम्ही 'म्हणे' लिहून पूर्णविराम दिलात. फौंड्रीतल्या मुलावर अर्धं पान आहे आणि या मुलीवर एक ओळ. ती मारामारी करत नसणार, उलट बोलत नसणार, गृहपाठही आणत असेल. अशा मुलींकडे लक्ष द्यायची वेळ येते तेव्हा बस्ता बांधून झालेला असतो. उद्या तिला मधल्या सुट्टीत एकटीला बोलवा, खरं काय ते विचारा आणि तिला स्वतःला काय हवंय तेही विचारा. मुलीचं वय १८च्या आत असेल तर ते लग्न २००६च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. मुलीचा नव्हे, लावून देणाऱ्यांचा. आधी आईशी बोला. आई ऐकण्यातली नसेल किंवा तारीखच ठरली असेल, तर १०९८ या नंबरवर फोन करा. तो फुकट आहे, रात्रीही लागतो आणि स्वतःचं नाव न सांगताही कळवता येतं. खेडं असेल तर ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) आणि शहर असेल तर बालविकास प्रकल्प अधिकारी, यांनी ते लग्न थांबवायचं असतं. 'त्यांच्या घरातली बाब' म्हणून गप्प बसावं असं तुम्हाला कुणी सांगेल. त्यांचं ऐकू नका.

आता त्या मुलाकडे येते.

"माझ्या मागं लागू नका" हे तुम्हाला फार लागलेलं दिसतं. पण तो कुठे उभा राहून बोलला ते बघा. बाप अंथरुणावर, आई समोर, आणि दारात बाई उभ्या, ज्यांच्यासमोर हा वर्गात पहिला हात वर करायचा. सोळा वर्षांचा पोरगा घर चालवतोय, त्याचा त्याला अभिमानही आहे आणि शाळा सुटल्याची लाजही. त्या घडीला तो दुसरं काय बोलणार होता? तेव्हा परत जा. मात्र 'शाळेत ये' म्हणायला जाऊ नका. बसून चहा घ्या, वडिलांच्या पाठीची चौकशी करा, सीपीआरच्या सरकारी दवाखान्यात दाखवलंय का विचारा. महिन्याला घरात किती कमी पडतात हा आकडा त्या घरातून काढून घ्या. तो आकडा कळल्याशिवाय तुम्ही दिलेला कुठलाही सल्ला त्यांच्या कानाला वरवरचाच वाटणार.

एक गोष्ट मात्र आडपडदा न ठेवता सांगा. फौंड्रीचं काम कायद्याने धोकादायक कामांत मोडतं आणि अशा कामावर १८च्या आतल्या मुलाला ठेवता येत नाही. उद्या हातावर वितळलेला रस सांडला, तर ज्या पोराचं नाव हजेरीपत्रकावरच नाही त्याची भरपाई द्यायला कोण पुढे येणार? वडिलांना हे पटेल, कारण अंगमेहनतीच्या कामात जायबंदी होणं म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः भोगलंय. पैशाची गरज खरी आहे, म्हणून काम सोडायला लावताना दुसरं काम सुचवावं लागेल: एखाद्या दुकानात संध्याकाळचे तीन-चार तास, डेअरीत सकाळचं दूध घेणं, असं काहीतरी. पेठेतल्या ओळखी तुमच्यापेक्षा तुमच्या मिस्टरांच्या जास्त असतील. त्यांना या कामात घ्या. वैतागलेल्या माणसाला नुसतं 'समजून घ्या' म्हणण्यापेक्षा एक नेमकं काम सांगितलेलं बरं.

आणि मुलाला दहावीचं कारण त्याच्या फौंड्रीतूनच द्या. दहावी नसेल तर तो तिथे वीस वर्षांनीही हेल्परच. दहावी असेल तर कळंबा रोडच्या आयटीआयमध्ये फौंड्रीमन, टर्नर, मशिनिस्ट, फिटर यांपैकी काही करता येईल, नंतर ॲप्रेंटिसशिपला स्टायपेंड मिळेल, आणि त्याच शिरोलीत तो मशीनवर उभा राहील. बोर्डाचा फॉर्म भरून झाला असेल तर हजेरीचं काय करायचं ते मुख्याध्यापकांशी आत्ताच बोला, फेब्रुवारीत नको. अभ्यास सगळ्या पुस्तकाचा लावू नका. गणितात दोन्ही भागांचे लेखी ४०-४० आणि अंतर्गत २०, मिळून शंभर, आणि पास व्हायला ३५. अर्थनियोजन, सांख्यिकी, संभाव्यता, भौमितिक रचना एवढं घट्ट करून घेतलं, तरी या मुलाला ते जमेल. मार्चमध्ये एक-दोन विषय राहिलेच तर जून-जुलैची पुरवणी परीक्षा आहे, ते विषय ठेवून अकरावीला जायची एटीकेटी आहे. हे सगळं त्याच्या घरी मोठ्याने सांगा. दहावी एकदा हुकली की संपलं, असं समजून बसलेली कितीतरी घरं आपल्याकडे आहेत.

यादीचं काय? १७ नंबरचा फॉर्म वाईट नाही. ज्यांची शाळा खरोखरच सुटली, त्यांना त्या दारातून परत येता येतं. पण शाळेत येणाऱ्या मुलाला शंभर टक्के निकालाच्या पाटीसाठी त्या दारातून बाहेर काढणं हा अन्याय आहे, आणि त्या यादीवर तुम्ही सही करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मुख्याध्यापकांशी भांडू नका. लेखी द्या, की प्रत्येक मुलाच्या पालकांना बोलावून, याचा अर्थ काय ते समजावून सांगितल्याशिवाय मी कुणाचं नाव देणार नाही. बऱ्याचदा गोष्ट कागदावर आली की ती यादी आपोआप मागे पडते.

ही मुलं नववीपर्यंत आली कशी, हेही स्टाफरूममध्ये कुणीतरी बोलायला हवं. भागाकार न येता वर ढकलली गेलेली पोरं तुमच्यासमोर बहुपदी घेऊन बसतात. कळत नाही म्हणून दंगा करतात, कारण 'ढ' म्हणवून घेण्यापेक्षा 'वांड' म्हणवून घेणं त्यांना परवडतं. तुम्ही लिहिलंय की एकदा एका मुलाला त्याच्या घरची दूध संस्थेची पावती फळ्यावर मांडायला लावलीत आणि वर्ग गप्प झाला. बाई, अख्ख्या पत्रात मला सगळ्यात आवडलेली जागा ही. त्या पावतीवर लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), दर, रक्कम असं सगळं असतं. ज्याला वर्गात दशांश चिन्ह कुठे द्यायचं ते कळत नाही, त्याला सहा फॅटच्या म्हशीच्या दुधाला किती मिळतात आणि फॅट दोन पॉइंटने उतरली की दहा दिवसांच्या बिलात किती तूट येते, हे तोंडपाठ असतं. मग दशांश त्याला येतोच, फक्त वहीतला येत नाही. ही पावती रोजची करा. तिच्यातून शेकडेवारी निघते, सरासरी निघते, महिनाभराच्या पावत्या जमल्या की आलेखही काढता येतो. ज्यांच्या घरी गोठा नाही त्यांना सातबारा आणायला सांगा. चाळीस गुंठ्यांचा एकर, तीन भावांत वाटणी, आणि वाटणीवरून घरात झालेली भांडणं. अपूर्णांक यापेक्षा चांगला कुठे शिकवणार? चांदीकामाच्या हुपरीकडचं पोरगं असेल तर चांदीचा तोळा आणि घट आहेच. एक मात्र सांभाळा: पावतीवरून गणित सुटलं की तिथेच थांबू नका, त्याच दिवशी तसंच एक गणित पुस्तकातलं सोडवून घ्या. नाहीतर बोर्डाच्या पेपरात त्यांना ते ओळखूच येणार नाही.

तुमच्या पत्रात आणखी एक गोष्ट जाणवली. या पोरांची तुम्हाला इतकी दया येते की तुम्ही त्यांना सूट देता. गृहपाठ नसला तर चालतो, उशीर झाला तर चालतो, 'घरी असं आहे ना त्याच्या' म्हणून. इथे मी तुमच्याशी सहमत नाही. आपल्या गावात तालमीतला वस्ताद काय करतो ते पाहा. नवं पोर आलं की त्याला तो हाकलत नाही आणि त्याचे जोर माफही करत नाही. आज वीस मारले तर उद्या बावीस मागतो, आणि जोड लावताना तोलामोलाचीच लावतो. म्हणून घरी बापाला न जुमानणारं पोरगं पहाटे पाचला त्याच्यासमोर हजर असतं. तुमची पोरंही तुमच्याकडे सहाला येतात. का येतात याचा विचार करा. तुम्ही त्यांच्याकडून काहीतरी मागता म्हणून येतात. मागणं कमी करू नका. त्यासाठी छडी लागत नाही. शिक्षेची भीती न घालता शिकवता येतं, हे लीलाताई पाटलांनी १९८५ पासून याच कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालयातून दाखवून दिलंय.

पैशाबद्दल. फी गुपचूप भरणं थांबवा. एकदा मुलाला कळलं की तो तुमच्या डोळ्याला डोळा देईनासा होतो. भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका' चालवलं ते याच जाणिवेने, की पोराने आपल्या कष्टाचं खावं आणि मान वर ठेवून शिकावं. माजी विद्यार्थ्यांकडून छोटा निधी उभा करा, तो शाळेच्या नावाने असू द्या, आणि बदल्यात मुलाने खालच्या वर्गाला पाढे शिकवावेत, ग्रंथालय लावावं. भाऊरावांचं नाव आलंच आहे तर स्टाफरूमलाही एक आठवण द्या. कुंभोजचा हा मुलगा कोल्हापुरात शिकत असताना, अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेला म्हणून त्याला त्याच्या बोर्डिंगातून काढून टाकलं होतं. तो मॅट्रिकही झाला नाही. १९१९ साली त्यानेच रयत शिक्षण संस्था काढली.

पण त्याच इतिहासातली दुसरी गोष्ट आपण बायकांना फार सहज ऐकवतो: भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या पोरांसाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. त्या माउलीपुढे मी हात जोडते. तरीही ते माप तुमच्यावर लावू देणार नाही. भाऊरावांनी संस्था उभी केली ती हा भार एका घरावर राहू नये म्हणूनच ना? शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा पोराला न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. पोर शाळेत आणण्यामागे तेव्हा संस्थानाची ताकद होती. आज ती जबाबदारी एका बाईच्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीवर येऊन पडली आहे. हे बरोबर नाही, आणि ते असंच चालायचं म्हणून तुम्ही मान्यही करू नका.

म्हणून रात्रीचा वर्ग या आठवड्यापासून बंद. सकाळचा वर्ग शाळेत घ्या. मुख्याध्यापकांकडून एक खोली आणि शिपाईमामांकडे किल्ली, एवढं मागा. विज्ञानाचे किंवा मराठीचे कुणी एक सर आठवड्यातून दोन सकाळी यायला तयार होतात का पाहा. सगळा स्टाफ तसा नसतो, कुणीतरी एकजण विचारण्याची वाट बघत असतो. संध्याकाळ तुमच्या मुलीची. तिला त्या पोरांबद्दल मोठं भाषण देऊ नका. तिची तक्रार खरी आहे. तिच्याबरोबर रंकाळ्यावर भेळ खायला जा, आणि तिथे फोन उचलू नका, कुणाचाही.

राहिला अ तुकडीचा प्रश्न. तुम्ही चुकत नाही आहात, आणि अ तुकडी मागितलीत तर पळूनही जात नाही आहात. थकलेल्या माणसाने वर्ग बदलून मागावा, त्यात कमीपणा काही नाही. पण तो निर्णय डिसेंबरच्या थकव्यात घेऊ नका. रात्रीचे वर्ग बंद करून तीन महिने काढा. मार्चमध्ये दहावीची पोरं पेपर देऊन बाहेर पडतील, तेव्हा स्वतःला विचारा. तेव्हाही मन नको म्हणालं तर मोकळ्या मनाने अर्ज द्या. फक्त क तुकडी ज्यांच्या हाती जाईल, त्यांना प्रत्येक मुलाबद्दल दोन-दोन ओळी लिहून द्या: कोण कुठे कामाला जातं, कुणाचं भागाकारावर अडतं, कुणाला पुढच्या बाकावर बसवलं की ते नीट बसतं.

त्या मुलीचं काय झालं ते मला नक्की कळवा.

तुमची,
ताई