ताई ची करताना पाठ सरळ ठेवली की अंग ताठतं आणि गुडघे दुखतात. उभं राहण्याची ढब कशी सुधारू?

तुम्ही लिहिलंय की ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) सुरू करून सहा महिने झाले, २४ प्रकारांचा क्रम तोंडपाठ आहे, पण त्यातला ‘रानघोडा आयाळ विंचरतो’ हा प्रकार करताना पुढच्या पायावर आलात की डुगडुगता. व्हिडिओत पाहिलं तर छाती पुढे आणि बूड मागे. शिक्षक ‘पाठ सरळ’ म्हणतात आणि तुम्ही आणखी ताठता. माझं अगदी हेच झालं होतं, म्हणून लिहितोय. मी शिक्षक नाही. सिंगापूरला मुलीकडे राहायला जातो, तिथे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत सकाळी सराव करणाऱ्या आजी-आजोबांच्या घोळक्यात शिकलो. आता आठ वर्षं झाली.

पाठीला सध्या हातच लावू नका. तिचा दोष नाही. आधी पावलं बघा.

त्या प्रकारात पुढचा गुडघा वाकलेला आणि मागचा पाय लांबवलेला असतो, त्याला चिनीत गोंगबू म्हणतात, म्हणजे धनुष्याचं पाऊल. नवशिक्यांच्या दोन्ही टाचा बहुतेक वेळा एकाच रेषेत येतात, डोंबाऱ्याच्या दोरीवर चालल्यासारख्या. मग कंबर फिरायला जागा राहत नाही, तोल सांभाळायला खांदे वर जातात आणि पुढचा गुडघा आत पडतो. पावलं रेल्वेच्या दोन रुळांवर हवीत, मधे साधारण खांद्यांएवढं अंतर. मागच्या पावलाचा चवडा तिरका, ४५ अंशांच्या आसपास. मी फरशीच्या सांध्यांवर सराव केला. पंधरा दिवसांत डुगडुग निम्म्यावर आली, आणि पाठीबद्दल तोवर कोणी चकार शब्द काढला नव्हता.

पाऊल लांब टाकायचा मोहही सोडा. मागच्या पायावर पूर्ण बसून पुढची टाच अलगद टेकवता आली पाहिजे, आणि वाटलं तर तशीच परत उचलताही आली पाहिजे. उचलता येत नसेल तर तुम्ही पाऊल टाकलं नाही, त्यावर पडलात. मांजरासारखं चालावं असं ताई चीवाले म्हणतात ते याचसाठी.

आता जांघ. माझ्या मते सगळी गोम इथे आहे. मांडी आणि ओटीपोट यांच्यामधल्या घडीला आणि आतल्या खुब्याच्या सांध्याला मिळून ते लोक क्वा म्हणतात. आपण खाली जायचं म्हणजे गुडघे वाकवतो. वाकायला हवी ती जांघ. तळहातांच्या कडा दोन्ही जांघांत ठेवा, किंचित मागे दाबा आणि उंच स्टुलावर टेकायला निघाल्यासारखे दोन-तीन इंच खाली या. मग माकडहाड सैल सोडा. मुद्दाम आत ओढू नका, मी ते वर्षभर केलं आणि कंबर धरून बसलो. गवंड्याचा ओळंबा कसा आपल्या वजनानं लटकतो, तसं ते लटकू दे. डोकं वरून कुणी हलकेच उचललंय असं समजा, हनुवटी जराशी आत. एवढं झालं की पाठ आपोआप लांब होते.

छातीचं मात्र आपल्या शाळेनं वाटोळं केलंय. ‘सावधान’ म्हटलं की छाती पुढे, पोट आत, गुडघे कडक. ताई चीच्या यांग शैलीचे गुरू यांग चेंगफू (१८८३–१९३६) यांच्या दहा सूत्रांत दुसरंच सूत्र याच्या उलट आहे: छाती किंचित आत विसावू द्या, पाठ वर उचलली जाऊ द्या. पोक काढा असा त्याचा अर्थ नव्हे, बरगड्या पुढे फेकू नका एवढंच. आणि सरळ म्हणजे उभीच असंही नाही. दुसरे एक गुरू वू जियानक्वान यांच्या शैलीत गोंगबूमध्ये धड चक्क पुढे कललेलं असतं, पण कणा सरळच असतो.

आमच्या लाओशी (शिक्षिका, वय तेव्हा सत्तरीच्या पुढे) दिवसातून शंभर वेळा ‘सोंग, सोंग’ म्हणायच्या. चिनीत त्याचा अर्थ सैल सोडा. मला मराठी कानांनी ऐकून हसू यायचं, कारण मी करत होतो ते आपलंच सोंग होतं: चेहरा शांत, आणि दंड दगडासारखे.

गुडघ्यांबद्दल. तुमचं दुखणं बहुधा वळताना सुरू होत असावं. पुढच्या पायावर वजन असतानाच चवडा फिरवला की पिळा गुडघ्यात जातो. २४ च्या क्रमात म्हणूनच आधी मागे बसायचं, पुढचा चवडा उचलून बाहेर वळवायचा, मग वजन न्यायचं. जुन्या घराण्यांतले काही शिक्षक वजन ठेवूनच वळायला शिकवतात, पण दुखऱ्या गुडघ्यानं त्या वाटेला जाऊ नये. गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेत हवी आणि बोटांच्या पुढे जायला नको. पुढच्या पायावर सत्तर टक्के आणि मागच्यावर तीस, हा अंदाज पुरे. सध्या उंचच उभे राहा, खाली बसण्याची शर्यत नाही. गुडघा सुजत असेल किंवा अडकत असेल तर मात्र आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

रोज काय करायचं? क्रम महिनाभर बाजूला ठेवलात तरी चालेल. पाय समांतर, जांघ सैल, हात पोटासमोर मोठं भांडं कवेत घेतल्यासारखे, आणि नुसतं उभं राहायचं. याला झान जुआंग म्हणतात. दोन मिनिटांपासून सुरू करा, हळूहळू दहापर्यंत न्या. पहिल्या आठवड्यात मांड्या थरथरतील, ते ठीक. गुडघ्यात कळ आली तर थोडे वर या. मग नुसती गोंगबूची पावलं, हात कमरेवर, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आरशात बघू नका, मान वळते आणि सगळंच बिघडतं. घरातल्या कुणाला तरी बाजूनं फोटो काढायला सांगा आणि त्यात कान, खांदा, खुबा एका रेषेत येतात का ते बघा. आणि ते जाड गुबगुबीत तळाचे धावण्याचे बूट घालत असाल तर काढून ठेवा. पातळ, सपाट तळाचे साधे कॅनव्हासचे बूट घ्या, त्यात टाच नेमकी कुठे टेकते ते कळतं.