स्वाहिलीत ‘किताबु’चं अनेकवचन ‘विताबु’ का?

प्रश्न असा आहे: अरबीतला ‘किताब’ स्वाहिलीत ‘किताबु’ झाला हे कळलं, पण अनेक पुस्तकांना ‘विताबु’ कसं म्हणतात? मूळ शब्दातला ‘क’ गेला कुठे?

अरबीत तो ‘क’ धातूचाच भाग आहे. स्वाहिलीने मात्र ‘कि’ला आपला उपसर्ग धरलं. या भाषेत वस्तूंच्या नावांचा एक मोठा वर्ग एकवचनात ‘कि-’ आणि अनेकवचनात ‘वि-’ घेतो: किसु म्हणजे सुरी, विसु म्हणजे सुऱ्या. किताबु आयताच त्या वर्गात जाऊन बसला.

एकदा वर्ग ठरला की सगळं वाक्य त्याच्या मागे जातं. ‘किताबु किकुब्वा किमोजा किमेआंगुका’: एक मोठं पुस्तक पडलंय. दोन पडली तर ‘विताबु विकुब्वा विविली विमेआंगुका’. क्रियापद सोडवून पाहा: कि (ते पुस्तक) + मे (क्रिया पूर्ण) + आंगुका (पडणे). आपण ‘मोठा वाडा पडला, मोठी भिंत पडली’ म्हणताना शब्दाची शेपटी बदलतो, स्वाहिली तोंड बदलते. षष्ठीचा न्याय तर अगदी आपलाच. ‘मुलाचं पुस्तक, मुलाची पुस्तकं’ यात प्रत्यय पुस्तकाकडे बघतो, तसंच ‘किताबु चा म्तोतो’, ‘विताबु व्या म्तोतो’. हा ‘चा’ म्हणजे कि + आ. आपल्या ‘चा’शी त्याचं नातं नाही, साम्य योगायोगाचं.

शिकणारे हमखास अडकतात ते ‘म-’ वर. ‘म्तु म्कुब्वा’ मोठा माणूस, ‘म्ती म्कुब्वा’ मोठं झाड. इथवर फरक दिसतच नाही. क्रियापदाशी आलं की कळतं: माणूस ‘अमेआंगुका’, झाड ‘उमेआंगुका’. म्हणून नाम पाठ करताना अनेकवचनही सोबत घोकावं: म्तु-वातु, म्ती-मिती.

प्राण्यांचं आणखी वेगळं. किबोको म्हणजे पाणघोडा. दिसायला ‘कि-’चा, पण सजीव असल्याने जुळणी माणसाच्या वर्गाची: ‘किबोको म्कुब्वा अमेलाला’, मोठा पाणघोडा झोपलाय. इथे ‘किमेलाला’ म्हटलं की चूक.

काही शब्द मुळीच बदलत नाहीत. अरबीतून आलेलं ‘घाली’ (महाग) आपल्या ‘लाल’सारखं सगळीकडे तसंच राहतं. आकड्यांतही सिता (6), साबा (7), तिसा (9) आणि कुमी (10) जसेच्या तसे: विताबु विविली, पण विताबु सिता.

‘किताबु’सारखंच इंग्रजीतल्या ‘कीप लेफ्ट’चंही झालं: चौकातल्या वर्तुळाला ‘किपिलेफ्टी’ म्हणतात, दोन असतील तर ‘विपिलेफ्टी विविली’.