हो म्हणून झाल्यावर रडू येतं

प्रश्न : ताई, मी इंदूरची, लोकमान्यनगरात राहते, वय 34. मला नाही म्हणताच येत नाही. गणपतीत मंडळाचे 51 मोदक, जाऊबाईंच्या मुलाचं प्रोजेक्ट, ऑफिसात दुसरीची फाईल, समोरच्याचं बोलून व्हायच्या आत माझ्या तोंडून हो निघून जातं आणि मग रात्री ओट्याशी उभी राहून रडते. लहानपणी बाबांच्या स्कूटरच्या आवाजावरून आज मूड कसाय ते मी ओळखायचे, आई म्हणायची तू चहा नेऊन दे. नवरा म्हणतो तुझा स्वभावच भिडस्त. खरंच स्वभाव आहे का हा?

उत्तर : अगं, स्कूटरचं तू जाता जाता लिहिलंस, पण मला वाटतं सगळं तिथेच आहे. धोका दिसला की माणूस भांडतो, पळतो नाहीतर गोठून जातो हे आपण ऐकलेलं असतं. अमेरिकेतले थेरपिस्ट पीट वॉकर यांनी चौथा प्रकार मांडला, फॉन, म्हणजे समोरच्याला खुश ठेवून स्वतःला वाचवणं. सात-आठ वर्षांची पोर बापाशी भांडणार कशी आणि पळून जाणार कुठे, तिच्या हातात चहाचा कप होता, कप नेला की घर शांत राहायचं, मग ती तेच शिकली. फॉन हे काही आजाराचं नाव नाही, आणि प्रत्येक भिडस्त माणसामागे असं काही असतंच असंही नाही, पण तुझ्यामागे आहे असं दिसतंय.

एकदम नाही म्हणायला जाऊ नकोस. आधी फक्त "बघून संध्याकाळी सांगते" एवढंच. सुरुवात जाऊबाईंपासून तर मुळीच नको, ऑफिसातल्या फाईलपासून कर. आणि कारणं देत बसू नकोस गं, मुलाला ताप आहे म्हटलंस की समोरची म्हणते मी बसते त्याच्यापाशी, झालं, परत अडकलीस. नंतर छाती धडधडेल, "रागावल्या नाहीत ना" म्हणून फोन करावासा वाटेल, तो करू नकोस, ती धडधड त्या स्कूटरचीच आहे, हळूहळू कमी होते.

जिच्या घरात नाही म्हटल्यावर हात उगारला जातो तिने मात्र हे एकटीने करू नये, आधी 181 या महिला हेल्पलाइनला फोन करावा. तुला बोलायचं असेल तर टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, 14416, फुकट, रात्रीही चालू असतं.

यंदा मंडळाला 21 मोदक सांग. काय झालं ते मला लिही.