टेपवर ‘बुडोकान’ लिहिलंय, पण हम साठचा आहे

वाचकांचे प्रश्न : ब्रिटिश रॉक बँड लेड झेपेलिनच्या १९७१ च्या जपान दौऱ्याची प्रेक्षकांतली रेकॉर्डिंग्ज

प्रश्न : ‘लेड झेपेलिन, बुडोकान, सप्टेंबर १९७१’ असं लिहिलेली कॅसेट हाती आली आहे. प्रेक्षकांत बसून केलेलं रेकॉर्डिंग आहे. ते खरंच बुडोकानचं आहे का, हे कसं ओळखायचं?

उत्तर : लेबलवरचं अक्षर बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या हाताचं असतं, त्यामुळे तो पुरावा धरू नका. बँडचा हा पहिलाच जपान दौरा आणि त्यात कार्यक्रम पाचच झाले : २३ आणि २४ सप्टेंबरला तोक्योच्या बुडोकान सभागृहात, २७ ला हिरोशिमात, २८ आणि २९ ला ओसाकाच्या फेस्टिव्हल हॉलमध्ये. शोधाचं क्षेत्र एवढंच.

आता जपानची एक गंमत तुमच्या कामी येते. तोक्योची वीज ५० हर्ट्झची, ओसाका आणि हिरोशिमाची ६० हर्ट्झची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तोक्योने जर्मन जनित्रं आणली, ओसाकाने अमेरिकन, आणि ती फाळणी आजही कायम आहे. स्टेजवरच्या अँप्लिफायरमधून येणारा बारीक ‘हम’, म्हणजे विजेची गुणगुण, त्या-त्या शहराच्या विजेचा असतो आणि प्रेक्षकांतल्या माइकने तोही टिपलेला असतो.

दोन गाण्यांमधली, टाळ्या ओसरलेली जागा शोधा. वीस-तीस सेकंद सलग मिळाली तर उत्तम. ती निवडून ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘प्लॉट स्पेक्ट्रम’, म्हणजे कोणत्या फ्रीक्वेन्सीला किती जोर आहे त्याचा आलेख, काढा, आकार ६५५३६ ठेवा. ४८ किलोहर्ट्झच्या फाइलवर दर ०.७३ हर्ट्झला एक माप मिळतं. खुद्द ५० किंवा ६० वर फारसं काही दिसणार नाही, कारण लहान रेकॉर्डरच्या माइकला इतका खालचा सूर नीट पकडता येत नाही. त्यांच्या पटीतली १००, १५०, २०० अशी शिखरं दिसतात की १२०, १८०, २४० अशी, ते पाहा. टेपचा वेग चुकलेला असेल तर १२० चं शिखर १२५ वर सापडेल, पण १०० चं सरकून १२० वर जाणार नाही. तो फरक वीस टक्क्यांचा आहे, म्हणजे पेटीवर तीन पट्ट्यांहून जास्त. तेवढा वेग चुकला असता तर गायक रॉबर्ट प्लांटचा आवाज खेळण्यातल्या बाहुलीसारखा लागला असता.

फसगत होते ती नंतरच्या कॉपीमुळे. युरोपात कॉपी झाली असेल तर त्या यंत्राचा ५० चा हम वर चढतो, अमेरिकेत झाली असेल तर ६० चा. दोन्ही मालिका एकत्र दिसल्या की टेपवरचा एखादा कट शोधा, म्हणजे रेकॉर्ड करणाऱ्याने पॉज दाबला ती जागा. कटपाशी उडी मारणारा किंवा क्षणभर नाहीसा होणारा हम हॉलमधला. कटच्या आरपार तसाच चालू राहणारा हम नंतर मिसळलेला. आणि पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत केसभरही न हलणारी रेघ दिसली तर ती बहुधा तुमच्याच वायरिंगची आहे.

हमवरून शहरांचा गट कळतो, तारीख नाही. ६० निघालं तर हिरोशिमा की ओसाका हे आवाजाच्या घुमण्यावरून आणि गाण्यांवरून ठरवावं लागेल. फेस्टिव्हल हॉल सुमारे २,७०० खुर्च्यांचं नाट्यगृह, तिथे आवाज कोरडा आणि जवळचा येतो. ‘फ्रेंड्स’ हे गाणं ऐकू आलं तर प्रश्नच मिटला : बँडने ते मंचावर वाजवल्याची एकच नोंद आहे, २९ सप्टेंबरची ओसाकाची.

प्रश्न : कार्यक्रमाच्या सुरुवातीला सूर ठीक लागतात, पण शेवटाकडे सगळं चढलेलं आणि घाईत वाटतं. माझा डेक बिघडला आहे का?

उत्तर : डेक तपासायला हरकत नाही, पण हे दुखणं बहुधा मूळ रेकॉर्डिंगचं आहे. रेकॉर्डर बॅटरीवर चालत होता. बॅटरी उतरत गेली तशी मोटर मंदावली आणि फीत हळू सरकत असताना आवाज नोंदला गेला. आता तीच फीत ठरल्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ४.७६ सेंटिमीटरने फिरवली की तो भाग जलद आणि चढा वाजतो. बॅटरी उतरली तर सूरही उतरायला हवा असं वाटतं, म्हणून अनेकजण इथे उलटी दुरुस्ती करून बसतात.

इथेही हमच मोजपट्टी. दर पाच मिनिटांनी एक शांत जागा घेऊन विजेच्या फ्रीक्वेन्सीच्या तिप्पट असलेलं शिखर मोजा. ओसाकाची टेप असेल तर ते १८० वर हवं. शेवटी ते १८९ वर निघालं तर वेग पाच टक्के जास्त आहे, म्हणजे पेटीवर जवळजवळ एक पूर्ण पट्टी. दुरुस्ती मात्र उणे पाच टक्क्यांची नसते. १८० भागिले १८९ म्हणजे ०.९५२४, म्हणून उणे ४.७६. फरक किरकोळ दिसतो, पण तासाला नऊ सेकंदांची चूक होते. ऑडॅसिटीतला ‘टाइम ट्रॅक’ घ्या आणि मोजलेल्या प्रत्येक जागी त्यावर एक बिंदू ठेवा, म्हणजे वेग बिंदूबिंदूंमध्ये सरकत बदलतो. ‘चेंज पिच’ किंवा ‘चेंज टेम्पो’ वापरू नका. सूर आणि लय दोन्ही एकत्रच बिघडली आहेत, दुरुस्तही एकत्रच व्हायला हवीत. मधे वेग एकदम पूर्ववत झालेला दिसला तर तिथे बॅटरी बदलली आहे. तिथून नवा हिशेब सुरू करा.

ऑर्गनवरून पट्टी जुळवायचा मोह होईल. हॅमंड या विजेच्या ऑर्गनमधल्या सूर काढणाऱ्या चकत्या सिंक्रोनस मोटरवर फिरतात, म्हणून त्याचा सूर विजेच्या फ्रीक्वेन्सीवर ठरतो. ५० चा ऑर्गन थेट ६० च्या विजेवर लावला तर तो तीन पट्ट्या वर बोलतो, त्यासाठी कन्व्हर्टर लागतो. कन्व्हर्टर जरा इकडेतिकडे झाला की ऑर्गन सरकतो, आणि तो जागेवर जुळवता येत नसल्याने गिटारच त्याच्याशी जुळवावी लागते. म्हणून ४४० हर्ट्झच्या ‘ए’ या प्रमाण सुराला अशा टेपवर दुय्यम साक्षीदार समजा.

प्रश्न : कॅसेट संगणकावर घेताना डॉल्बी चालू ठेवायचं की बंद?

उत्तर : बंद. डॉल्बी म्हणजे टेपची खरखर कमी करणारी यंत्रणा. १९७१ चा हातातला रेकॉर्डर डॉल्बीचा असण्याची शक्यता फार कमी. नंतरची कॉपी डॉल्बी बीवर केली असेलही, पण तो उलगडा पुढे सॉफ्टवेअरमध्ये करता येतो. चुकून दाबलेला तीक्ष्णपणा मात्र परत मिळत नाही.

डॉल्बीपेक्षा जास्त नुकसान हेडच्या तिरपेपणाने, म्हणजे अझिमथने होतं. दोन्ही चॅनल एकत्र करून मोनोत ऐका आणि हेडशेजारचा स्क्रू अगदी थोडा फिरवून झांजांचा आवाज सर्वांत लख्ख येतो तिथे थांबा. आधी स्क्रूची मूळ जागा पेनाने खुणावून ठेवा, पेचकस चुंबकीय नको, आणि पाव फेऱ्यापलीकडे जाऊ नका. बाजू उलटली की पुन्हा बघा. आवाज तरीही बसकाच येत असेल तर कॅसेटच्या तोंडाशी डोकावा : फितीमागचा तो इवलासा नमद्याचा तुकडा गळून पडलेला असतो. अशा वेळी फीत पाच स्क्रूंच्या नव्या कवचात हलवा. जुनं कवच चिकटवलेलं असेल तर सांध्यावर पातं लावून ते फोडावं लागतं.

पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ पुरेसं आहे. अशा टेपसाठी १९२ चा आग्रह म्हणजे शुद्ध हौस.

प्रश्न : खरखर काढून टाकू का?

उत्तर : नको. खरखरीखाली झांजांची शेपूट आणि हॉलची हवा असते, काढताना तीही जाते आणि उरतो तो पाण्याखालचा आवाज. स्वतःच्या कानांसाठी वेगळी प्रत करा हवी तर, मूळ फाइल तशीच ठेवा.

प्रश्न : एका गाण्याच्या मधलं मिनिटभर गायब आहे. त्याच कार्यक्रमाचं दुसऱ्या प्रेक्षकाचं रेकॉर्डिंग मिळालं, तर ते जोडता येईल?

उत्तर : येईल. आधी दोन्हींचे कट मिनिटांत लिहून काढा. कॅसेटची बाजू ३० किंवा ४५ मिनिटांना संपते, त्यामुळे कट नेमके कुठे पडतात ही रेकॉर्ड करणाऱ्याची सहीच असते. तुमचे कट आणि ‘दुसऱ्या’ रेकॉर्डिंगचे कट एकाच सुरावर पडत असतील, तर ते दुसरं नाहीच, त्याच टेपची कॉपी आहे.

खरंच वेगळं निघालं तर आधी दोन्हींचा वेग हमवर जुळवा, मग पातळी आणि आवाजाचा पोत. फक्त गायब तुकडाच बसवा, दोन्ही रेकॉर्डिंग्ज एकावर एक चालवू नका : वेगात ०.१ टक्का फरक राहिला तरी दहा मिनिटांत ती ०.६ सेकंदाने फाकतात. सांधा दोन-तीन सेकंदांचा ठेवा, आणि तुकडा कुठून कुठपर्यंत दुसऱ्याचा आहे ते सोबतच्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहा.

प्रश्न : अदलाबदलीत मिळालेली फ्लॅक (आवाजात काटछाट न करणारी) फाइल आधी एमपी३ होती का, हे कळतं?

उत्तर : बऱ्याचदा कळतं. स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे वेळेगणिक कोणती फ्रीक्वेन्सी किती जोरात आहे ते दाखवणारं चित्र, काढा. अशा टेपवर संगीत ८-१० किलोहर्ट्झच्या पुढे फारसं नसतं, पण खरखर मात्र वरपर्यंत विरत जायला हवी. ती १६ किलोहर्ट्झवर भिंत घातल्यासारखी तुटली असेल, तर फाइल बहुधा मधे कुठेतरी एमपी३ होऊन आली आहे. ती परत करा आणि देणाऱ्याकडे त्याआधीची प्रत मागा.