रॅपलिंग आणि अ‍ॅबसेलिंग यात फरक काय? मराठीत याला काय म्हणतात?

करताना काहीच फरक नाही, दोन्हीत कड्यावरून दोराने खाली उतरायचं. पहिला शब्द फ्रेंचमधून आला, दुसरा जर्मनमधून, ब्रिटिश लोक दुसरा वापरतात, आपल्याकडे सगळे रॅपलिंग म्हणतात. मराठी लेखात 'अवरोहण' वगैरे असतं, पण कड्यावर उभं राहून "चला, अवरोहण करू" म्हणणारा माणूस मला तरी अजून भेटला नाहीये.

शब्दांच्या अर्थामध्ये मात्र फरक आहे आणि तो मला चांगलाच महागात पडलाय. जर्मन शब्दाचा अर्थ दोराने खाली उतरणं, विषय संपला. फ्रेंच 'रापेल' म्हणजे परत बोलावणं, म्हणजे आपण उतरल्यावर रोपलाही खाली बोलावून घ्यायचं. रोप मधोमध वर कड्यात पक्क्या केलेल्या रिंगमध्ये, दोन्ही टोकं खाली, शेवटचा माणूस उतरला की एक टोक ओढायचं, दुसरं वर जातं, रिंगमधून सुटतं आणि अख्खा रोप अंगावर येतो.

आमचा आला नाही. साम्रद गावावरून सांधण व्हॅलीच्या अरुंद घळीत उतरलो होतो, पाच जण, रोप एकच, पुढे अजून रोपने उतरायचे पॅच बाकी. शेवटी माझा मित्र उतरला, फिगर ऑफ एट (रोपवरून उतरायचं आठच्या आकाराचं लोखंड) काढला, "झालं" म्हणाला, मी ओढायला लागलो, दुसरं टोक सरसर वर गेलं आणि रिंगपाशी गच्च. टोकाची स्टॉपर नॉट, म्हणजे उतरताना माणूस टोकावरून निसटू नये म्हणून मारलेली गाठ, तशीच राहिली होती! तिघे लोंबकळलो तरी हलेना, आणि ते गाठीचं टोक वर गेलेलं म्हणजे उलट ओढायचीही सोय नाही. मागे चढता येत नाही, पुढे रोपशिवाय उतरता येत नाही. दीड-दोन तास त्या घळीत कुडकुडत बसलो, मग मागून एक ग्रुप आला, त्यांनी वरून गाठ सोडून दिली, वर चार शब्द ऐकवले ते वेगळेच.

आता मुद्दा असा की गाठ सोडायची कोणी? माझं म्हणणं, शेवटी उतरला त्याने, रोप त्याच्याच हातात असतो. माझा मित्र गेली बारा वर्षं, माझ्या लग्नातसुद्धा, सांगत सुटलाय की ओढणाऱ्याने बघायचं. आता मी नवीन पोरांना शिकवतो तेव्हा ओढणाऱ्यानेच बघा असं सांगतो, हो, पण ते सेफ्टी म्हणून, त्या दिवशीची चूक त्याचीच होती.

आणि हे वाचून कोणी गाठच मारायची नाही असं ठरवू नका, रोप जमिनीपर्यंत पोचला नसेल तर तीच गाठ वाचवते. पहिल्यांदाच एखाद्या ग्रुपबरोबर जाणार असाल तर यातलं काही तुम्हाला करायचं नसतं, बिलेचा, म्हणजे हात सुटला तर तुम्हाला धरून ठेवणारा, वेगळा रोप लावलाय का तेवढं विचारा. पावसाळ्यात सांधणला उतरू नका.

तो मित्र पण इथे आहे, वाचेलच.